अणुभट्टीच्या भिंतीतल्या तारा ‘उतरतात’ तेव्हा

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मध्यंतरी एक बातमी फिरली. परदेशातल्या कुठल्याशा अणुवीज केंद्राच्या भिंतीतल्या पोलादी तारा ‘कमकुवत’ निघाल्या म्हणे. मजकूर तीन ओळींचा आणि सोबत चित्र अणुबाँबच्या ढगाचं. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी मला फाटकातच गाठलं. “तुम्ही जन्मभर पुलांची कामं केलीत ना? मग सांगा, ती भिंत पडली तर काय होईल?”

“काकू, भिंत पडत नाही हो.”

“पडत नाही? मग तारा कशाला घातल्यात?”

फाटकात उभं राहून या प्रश्नाचं उत्तर देणं मला जमलं नाही. नीट उत्तर द्यायचं तर सांगलीहून निघून मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जावं लागतं आणि येताना कोयनेवरून यावं लागतं. ते इथे लिहून काढतो.

ती भिंत एका दिवसासाठी असते

अणुभट्टीत इंधनाच्या उष्णतेनं पाणी तापतं आणि त्याची वाफ पुढे जनित्र फिरवते. हे पाणी प्रचंड दाबाखाली असतं. एखादा मोठा नळ फुटला तर ते क्षणात वाफ होऊन इमारतभर पसरेल आणि त्याबरोबर किरणोत्सारी द्रव्यंही सुटतील. ती वाफ कोंडून धरायची म्हणून भट्टीभोवती एक जाडजूड बंद इमारत बांधतात. तिला कंटेनमेंट म्हणतात, आपण ‘आवरण’ म्हणू. बऱ्याच ठिकाणी तिचा आकार घुमट बसवलेल्या डब्यासारखा असतो. भिंत मीटरभर किंवा त्याहून जाड काँक्रीटची असते आणि अनेक देशांत तिला आतून सुमारे ६ मि.मी. जाडीच्या पोलादी पत्र्याचं अस्तर असतं. हवाबंदपणाचं काम अस्तराचं, ताकदीचं काँक्रीटचं.

रोजच्या दिवशी या भिंतीवर आतून दाब जवळपास नसतोच. ती आपलं वजन पेलत उभी असते, एवढंच. सगळी परीक्षा अपघाताच्या दिवशी. १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडला भट्टीच्या गाभ्याचा निम्म्याच्या आसपास भाग वितळला, आत हायड्रोजन पेटला, दाब एकदम उसळला, पण आवरण टिकलं. १९८६च्या चेर्नोबिलच्या भट्टीला असं पूर्ण आवरणच नव्हतं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आता थोडा हिशेब. समजा, आतला दाब दर चौरस सेंटिमीटरला ४ किलो झाला. म्हणजे भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर ४० टन. इमारतीची त्रिज्या २० मीटर धरली तर भिंतीच्या एक मीटर उंचीच्या कड्याला ८०० टनांची ओढ बसते. उसाचा भरलेला ट्रक २० टनांचा धरा. असे ४० ट्रक त्या एका कड्याला टांगल्यासारखे. आणि असं कडं एकावर एक, पन्नासेक मीटर उंचीपर्यंत.

काँक्रीट दाबाला वाघ, ओढीला शेळी

काँक्रीट दाबलं तर सहसा हार मानत नाही. ओढलं की मात्र चटकन तडकतं. ओढ सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या ढोबळ दहावा हिस्सा. आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलाच्या दगडी कमानी १९२९पासून कृष्णेचे पूर अंगावर घेत उभ्या आहेत, कारण कमानीतला दगड सतत शेजारच्या दगडाला दाबत असतो. त्याला ओढ सोसावीच लागत नाही.

वरच्या हिशेबात भिंत १.२ मीटर जाड धरली तर तिच्या काँक्रीटवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६७ किलो ओढ येते. चांगल्या काँक्रीटची ओढ सोसायची मर्यादा ३०–४० किलोच्या घरात. म्हणजे भिंत तडकणार. त्यावर उपाय असा की काँक्रीटला आधीच इतकं दाबून ठेवायचं, की अपघाताच्या दिवशी आतून ओढ बसली तरी ती त्या दाबातूनच वजा होईल आणि काँक्रीट शेवटपर्यंत दबलेलंच राहील.

बांधकामावर बिगारी पाच-सहा विटा ओळीनं धरून दोन्ही तळहातांनी दाबतो आणि सगळी ओळ एकदम उचलतो. मधल्या विटांना खालून कसलाच आधार नसतो. हात सैल सोडले की विटा खाली. बैलगाडीच्या चाकाची धाव बसवताना लोहार काय करायचा? लोखंडी कडं लालभडक तापवून चाकावर चढवायचा आणि वर पाणी ओतायचा. कडं आखडायचं आणि लाकडाचे तुकडे एकमेकांत असे आवळले जायचे की चाक वर्षानुवर्षं खिळखिळं होत नसे. अणुभट्टीचं आवरण म्हणजे धाव चढवलेलं चाकच, फक्त धाव भिंतीच्या पोटात लपवलेली.

ही धाव म्हणजे पोलादी केबल. एका केबलमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तारांचा जुडगा असतो, काही रचनांमध्ये दीडशेहून जास्त तारांचा. काही केबल भिंतीभोवती आडव्या फिरतात, काही उभ्या जातात, काही घुमटावरून. काँक्रीट घट्ट झाल्यावर त्या जॅकनं ओढतात आणि टोकाला अँकर नावाच्या पोलादी ठोकळ्यात अडकवतात. अशा काँक्रीटला पुस्तकात पूर्वताणित म्हणतात, साइटवर सगळे ‘प्रीस्ट्रेस’ म्हणतात.

हे तंत्र आपल्या भागाला नवं नाही. ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपात कोयना धरणाला भेगा पडल्या, तेव्हा दुरुस्तीत धरणाच्या उंच भागांत ताणलेल्या केबल घातल्या आणि मग मागच्या बाजूनं काँक्रीटचा आधार चढवला. पाटण तालुक्यातली जुनी माणसं भूकंपाच्या आठवणी सांगतात, केबलींच्या कोणी सांगत नाही. धरणाच्या पोटातल्या गोष्टीची आठवण राहणार तरी कशी?

नवी तार उतरतेच

मिरजेत तंबोरा घ्यायला गेलात तर कारागीर एक गोष्ट बजावून सांगतो: नवी तार चढवली की पहिले काही दिवस ती सारखी उतरणार. सकाळी लावलेला षड्ज संध्याकाळी खाली आलेला असतो. तार खराब नसते. ती खुंटीवर बसत असते, तिचे वेढे आवळत असतात, पोलाद स्वतःही किंचित सैलावतं. हळूहळू उतरणं कमी होतं, थांबत मात्र कधीच नाही.

भिंतीतल्या केबलीचंही असंच. ताण उतरण्याची कारणं मोजून ठेवलेली आहेत. काँक्रीट वाळताना आखडतं. सतत दाबाखाली असल्यानं ते वर्षानुवर्षं आणखी दबत जातं. पोलादाची तार तेवढ्याच लांबीवर ताणून धरली तरी तिचा जोर हळूहळू कमी होतो, उष्णता जास्त असेल तर अधिक. या सगळ्यामुळे इमारत म्हातारी होताना केबल उतरते, पण गती मंदावत जाते. पहिल्या वर्षात जेवढी उतरते तेवढी उतरायला पुढे दहा-दहा वर्षं लागतात.

फ्रान्सच्या यूजीन फ्रेसिने या अभियंत्यानं हेच ओळखलं आणि १९२८ साली या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याच्या आधीही लोकांनी सळ्या ताणून पाहिल्या होत्या आणि काही महिन्यांत सगळा ताण गायब झाला होता. का, ते आकडे सांगतात. काँक्रीट मीटरमागे साधारण पाऊण मिलिमीटर आखडतं. त्या काळच्या साध्या सळईला सुरक्षितपणे ताणलं तर ती मीटरमागे तेवढीच, पाऊण मिलिमीटर लांबायची. काँक्रीट आखडलं की हिशेब शून्य. फ्रेसिनेनं कितीतरी पट मजबूत तार वापरली. ती मीटरमागे सुमारे ६ मिलिमीटर लांबते. त्यातलं पाऊण मिलिमीटर गेलं तर गेलं, बाकी ताण शिल्लक. ६० मीटरची केबल ताणताना जॅकपाशी ३६ सेंटिमीटर बाहेर येते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्या माणसाचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नव्हता.

म्हणून ‘केबलींचा ताण कमी झाला’ एवढ्या वाक्यात बातमी काहीच नाही. तो कमी होणार हे इमारत बांधण्याआधीच कागदावर असतं, प्रत्येक केबलीसाठी वर्षवार. किती कमी झाला आणि का, हे दोन प्रश्न विचारल्यावर गोष्ट सुरू होते.

ताण मोजायचा कसा?

तंबोऱ्याची तार छेडली की कान सांगतो. ताण १२ टक्क्यांनी उतरला तर तार जवळपास अर्ध्या स्वरानं खाली येते, म्हणजे षड्जाच्या जागी शुद्ध निषाद ऐकू येतो. भिंतीतली केबल अशी छेडता येत नाही. ती नळीत असते, कडेला टेकलेली, ग्रीसमध्ये बुडालेली.

तिथे दुसरी युक्ती. खुंटीला टांगलेली पिशवी किती जड आहे ते खुंटीवरून न काढता सांगायचं आहे. ताणकाटा पिशवीला अडकवून वर ओढत जा. ज्या क्षणी खुंटीवरचा बंद सैल पडेल, त्या क्षणी काटा जे दाखवेल ते पिशवीचं वजन. केबलीच्या अँकरखाली पोलादी चकत्या असतात. जॅक अँकरला पकडून ओढतो आणि चकत्या सैल पडल्या की जॅकवरचा आकडा वाचतात. तो त्या केबलीचा ताण. याला लिफ्ट-ऑफ चाचणी म्हणतात. दिसायला सोपी, पण कित्येकशे टनांचा ताण असलेल्या केबलीच्या टोकाशी काम करायचं असतं. सुटलेली केबल बंदुकीच्या गोळीसारखी बाहेर येते. जॅकच्या मागे उभं राहायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

अमेरिकी पद्धतीत ही तपासणी पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी आणि नंतर दर पाच वर्षांनी होते. नियम सांगलीकराला लगेच समजेल असा आहे. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर आलं की इशारा, ४५ला धोका. तसंच इथे: केबलीचा ताण त्या वर्षाच्या अंदाजाच्या ९५ टक्के किंवा जास्त असेल तर ठीक. ९० ते ९५च्या मध्ये असेल तर लगेच तिच्या दोन्ही बाजूंच्या केबल तपासायच्या. ९०च्या खाली गेला तर तो दोषच, कारण शोधलंच पाहिजे.

शेजारच्या केबल का तपासायच्या? गल्लीत एकाच्याच नळाला पाणी कमी येत असेल तर त्याच्या नळात बिघाड. सगळ्यांनाच कमी येत असेल तर टाकीपाशी जायला हवं.

काकूंनी इथे अडवलं असतं: सगळ्याच केबल का तपासत नाहीत? कारण प्रत्येक चाचणीत अँकरला हात लागतो, ग्रीस निघतं, टोपण उघडतं. निरोगी माणसाची दर महिन्याला एंडोस्कोपी करत नाहीत. म्हणून दर वेळी मोजक्या केबल चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडतात आणि एखादी केबल मात्र दर खेपेला तीच ठेवतात, म्हणजे तिचा आलेख अखंड मिळतो. यात एक फट आहे हे कबूल करायला हवं. एका कोपऱ्यातला आजार चिठ्ठीत आलाच नाही तर पाच वर्षं तसाच राहू शकतो.

म्हातारपण की आजार?

ताण कमी निघाला की तपासणीवाल्यांपुढे दोन शक्यता असतात आणि दोन्हींचा इलाज वेगळा. पहिली, तारा धडधाकट आहेत पण अंदाजापेक्षा जास्त सैलावल्या. दुसरी, तारा तुटताहेत.

न्यूयॉर्क राज्यातल्या गिना केंद्रात पहिली गोष्ट घडली. उभ्या केबलींचा ताण अपेक्षेपेक्षा कमी निघाला. गंज नव्हता. प्रयोगशाळेत मोजलेल्यापेक्षा ते पोलाद प्रत्यक्षात जास्त सैलावत होतं. १९८०मध्ये केबल पुन्हा ताणल्या. तंबोरा पुन्हा लावण्यासारखंच.

दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. १९८५च्या सुरुवातीला अलाबामा राज्यातल्या फार्ली केंद्रात एका उभ्या केबलीच्या खालच्या टोकाचं ग्रीसचं टोपण वाकलेलं दिसलं. उघडलं तर आत अँकरचा ठोकळाच तुटलेला. शोधलं तेव्हा तसे आणखीही सापडले. टोपणात पाणी साचलं होतं. पाण्यामुळे पोलादावर हायड्रोजन तयार झाला आणि तो पोलादात शिरून त्याला ठिसूळ करत गेला. पोलाद जितकं कडक आणि मजबूत, तितकं ते या आजाराला बळी पडतं. काँक्रीटला जिंकायला आपण जी ताकदवान तार निवडली, तिचाच हा कमकुवतपणा.

मेरीलँडमधल्या कॅल्व्हर्ट क्लिफ्सला १९९७मध्ये उभ्या केबलींच्या वरच्या टोकापाशी तुटलेल्या तारा मिळाल्या. तिथे ग्रीस नीट पोचलं नव्हतं आणि वरून पाणी शिरलं होतं. पावसाळ्यात गच्चीवरच्या पाइपाचं तोंड उघडं राहिलं की काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

हे आजार ओळखतात कसे? एक तार जुडग्यातून ओढून काढतात आणि प्रयोगशाळेत तुटेपर्यंत ओढतात. चांगली तार तुटण्याआधी लांबते आणि तुटण्याच्या जागी तिला ‘कंबर’ येते, ती बारीक होते. हायड्रोजननं पोखरलेली तार खडूसारखी सपाट तुटते. तुटलेलं टोक भिंगाखाली धरलं की अनुभवी माणूस बरंच काही सांगतो. जोडीला ग्रीस तपासतात: त्यात पाणी किती, क्लोराइड आहे का, नायट्रेट, सल्फाइड आहे का. डॉक्टर रक्त-लघवी तपासतो तसं. नळीतून जेवढं ग्रीस निघालं त्याहून जास्त परत भरावं लागलं तर आत पोकळी होती हेही कळतं.

मग जागेचा नकाशा मांडतात. कमी ताणाच्या सगळ्या केबल वरच्या टोकाला आजारी आहेत? मग छपरातून पाणी. सगळ्या उभ्याच सैल? मग एकाच कारखान्यातून, एकाच खेपेला आलेली तार का ते जुन्या पावत्यांमध्ये बघा. मला या कामातला हा भाग सगळ्यात आवडतो. चाळीस वर्षांपूर्वीची एक जुनी वही इथे जॅकइतकीच उपयोगी पडते.

“सैल झाल्या तर ओढून घट्ट करा की!”

हा आक्षेप मला पुलांच्या कामावर कंत्राटदारांकडून नेहमी ऐकायला मिळायचा. गिनाला तसं केलंही. पण ताण देणं आणि काढणं, दोन्ही दुधारी आहे.

वक्र गेलेली ताणलेली केबल आतल्या बाजूला रेटते. पोत्याभोवती दोरी आवळली की ती पोत्यात रुतते तशी. घुमटात किंवा गोल भिंतीत या रेट्यानं केबलींच्या पातळीवर काँक्रीटचे दोन थर एकमेकांपासून सुटायला बघतात, पोळीचे पदर सुटावेत तसे. आपल्या शेजारी, कारवारजवळच्या कैगा इथे १३ मे १९९४ रोजी पहिल्या भट्टीच्या बांधकामात घुमटाच्या आतल्या बाजूचा काँक्रीटचा थर असाच सुटून कोसळला, १०० टनांहून जास्त. कामगार जखमी झाले. आत इंधन नव्हतं, म्हणून किरणोत्साराचा प्रश्न आला नाही. घुमटाची रचना बदलून बांधकाम पुन्हा करावं लागलं आणि भट्ट्या २०००मध्ये सुरू झाल्या.

उलटं उदाहरण फ्लोरिडातल्या क्रिस्टल रिव्हरचं. २००९मध्ये जुनं वाफेचं यंत्र बदलण्यासाठी भिंतीला मोठं भगदाड पाडायचं होतं. त्यासाठी काही केबलींचा ताण काढला. भिंत कापताना दिसलं की सुमारे १०७ सेंटिमीटर जाड काँक्रीट आतून चिरलं आहे, पृष्ठभागापासून वीतभर खोलवर. दुरुस्ती करून २०११मध्ये पुन्हा ताण देताना दुसरीकडे चीर गेली. २०१३मध्ये केंद्र कायमचं बंद करण्याचा निर्णय झाला. आवळलेल्या चाकाची धाव एका बाजूनं काढली तर चाक काय करेल, तेच झालं. फक्त हे चाक काही अब्ज डॉलरचं होतं.

ग्रीस की सिमेंट?

अमेरिकेत बहुतेक केबल ग्रीसमध्ये ठेवतात. आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांमध्ये, फ्रान्समध्येही, केबल ताणल्यावर नळीत सिमेंटचं पातळ मिश्रण दाबानं भरतात. त्याला ग्राउट म्हणतात. ग्राउटचा फायदा मोठा आहे: सिमेंटचा क्षार पोलादाला गंजापासून वाचवतो, आणि एखादी तार एका जागी तुटली तरी बाकीची लांबी काँक्रीटला चिकटून काम करत राहते. तोटाही तितकाच मोठा. ती केबल पुन्हा कधी बघता येत नाही, ताणता येत नाही, बदलता येत नाही. लिफ्ट-ऑफ नाही, तार काढून बघणं नाही.

आणि ग्राउट नीट भरलं गेलं नाही तर? पणजीचा मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ला कोसळला. केबलींना लागलेल्या गंजाकडे बोट गेलं. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९८५मध्ये, वेल्समधला एक छोटा पूल काही चाहूल न देता पडला. ब्रिटननं पुढे १९९२मध्ये अशा ग्राउटच्या नव्या पुलांवर काही वर्षं बंदीच घातली. ११ सप्टेंबर २०२४ला पहाटे जर्मनीत ड्रेस्डेनचा कॅरोला पूल एल्बे नदीत गेला. तिथेही हायड्रोजनचाच आजार, पन्नासेक वर्षं पोलादात मुरलेला.

पुलांची ही यादी देताना मी एक फरक विसरत नाही. पुलावर रोज वाहनं जातात, म्हणून त्याची केबल रोज कामावर असते. आवरणाची केबल त्या एका दिवसाची वाट बघत असते. त्यामुळे काही केबल कमजोर झाल्या म्हणून आवरण आपोआप कोसळत नाही. शेकडो केबल असतात, त्याशिवाय साध्या सळ्यांचं दाट जाळं असतं. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत एक चतुर्थांश आकाराचं आवरण बांधून त्यात दाब वाढवत नेला. २०००मध्ये रचनेसाठी ठरवलेल्या दाबाच्या सुमारे अडीच पटीला आतलं अस्तर फाटून गळती सुरू झाली. २००१मध्ये आत पाणी भरून पुन्हा दाब दिला, तेव्हा ठरवलेल्या दाबाच्या साडेतीन पटींहून अधिकवर ते फुटलं. दिलासा वाटावा असे आकडे आहेत. पण ते आवरण नवंकोरं होतं, त्याच्या केबल चाळीस पावसाळे बघितलेल्या नव्हत्या, हे मी कंसात लिहून ठेवतो.

मग आपल्याकडे, जिथे केबल बघताच येत नाही, तिथे काय करतात? भट्टी सुरू करण्याआधी आत हवा भरून आवरण कसाला लावतात. पुढे ठरावीक काळानं गळती मोजतात. तारापूरला ५४० मेगावॅटच्या भट्टीच्या आवरणाची एक चतुर्थांश आकाराची प्रतिकृती बांधून प्रयोग केले आहेत. उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रापासून पुढच्या भट्ट्यांना दुहेरी आवरण आहे. आणि काँक्रीट ओततानाच भिंतीत छोटी मापकं पुरून ठेवतात. मिरजेच्या गल्लीत शिरल्याशिवाय हे उत्तर मिळणार नाही, ते या मापकांसाठी म्हटलं होतं.

त्या मापकात वीतभर लांबीची, दोन्ही टोकांना पकडलेली एक बारीक ताणलेली तार असते. बाहेरून विजेचा छोटा झटका दिला की चुंबक ती तार छेडतो, तार कंप पावते आणि तिचा स्वर मोजला जातो. भिंतीचं काँक्रीट दबलेलं राहिलं, तर तार थोडी सैल आणि स्वर खाली. केबलींचा आवळ कमी होऊन काँक्रीट पसरू लागलं, तर तार ताणली जाऊन स्वर वर चढतो. मोठ्या केबलीला छेडता येत नाही म्हणून काँक्रीटच्या पोटात एक तंबोरा गाडून ठेवलेला असतो. धरणांतही अशीच मापकं असतात. अडचण इतकीच की हा तंबोरा त्याच्या आसपासच्या काँक्रीटचं सांगतो. दहा मीटरवरच्या केबलीत तीन तारा तुटल्या तर त्याला कदाचित पत्ताही लागणार नाही.

“अंदाजच बदलून टाकला तर?”

हा प्रश्न काकूंनी विचारला नाही, पण विचारायला हवा होता. कधी कधी तपासणीत ताण कमी निघतो आणि मग केंद्राचे अभियंते म्हणतात, आमचा जुना अंदाज चुकीचा होता, नव्या हिशेबानं आकडा बरोबर बसतो. ऐकायला हे परीक्षेत नापास झाल्यावर उत्तीर्णतेची रेघ खाली आणण्यासारखं वाटतं.

दर वेळी ती लबाडी नसते. भिंत पुस्तकातल्यापेक्षा गरम राहते, तिथल्या खडीचं काँक्रीट जास्त दबतं, हे पंधरा-वीस वर्षांनीच कळतं. नवा अंदाज त्याचा विचार करून मांडला तर तो जास्त खरा. पण त्या केंद्राला कमीत कमी किती ताण लागतो ही रेघ मात्र हलता कामा नये. ती अपघाताच्या दाबावरून ठरते, केबलीच्या स्वभावावरून नाही. अंदाज बदलला आणि किमान रेघ तिथेच राहिली, तर मी वाचून पुढे जाईन. दोन्ही एकदम सरकल्या, तर मला तो कागद पूर्ण वाचायचा आहे. कारण न देता ‘सर्व काही सुरक्षित’ एवढंच छापलं असेल, तर ग्रुपवरच्या ढगाच्या चित्राइतकाच तो मजकूरही निरुपयोगी.

यातलं निम्मं काकूंना दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी तंबोऱ्यापर्यंत नीट ऐकलं, हायड्रोजनपाशी मान डोलावली, कैगाचं अंतर विचारलं. मग गल्लीच्या तोंडाशी गेल्या महिन्यात उसाच्या ट्रॉलीनं ठोकरलेला विजेचा सिमेंटचा खांब त्यांना आठवला. तो मध्येच मोडला आहे, आणि आतल्या बारीक, चिवट तारांनी वरचा तुकडा अजून लोंबकळत धरला आहे.

“ह्याच का हो त्या?”

“ह्याच. खांब ओतण्याआधी ताणून ठेवलेल्या.”

“मग ह्या का नाही तुटल्या?”

मी वाकून बघितलं. तुटलेल्या दोन तारांच्या टोकांना कंबर आली होती.